बर्नमध्ये एकच दिवस आणि गाईड नको

प्रश्न : मुलगा झुरिकला असतो, त्याच्याकडे चाललोय. त्याला सुट्टी नाही, म्हणून बर्न आम्ही दोघंच बघून येणार. टूरचे पैसे घालवायचे नाहीयेत. ह्यांचे गुडघे दुखतात. दोघांनाच जमेल का, आणि कुठून सुरुवात करू?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : जमेल की ताई, बर्नसाठी गाईड खरंच लागत नाही. झुरिकहून ट्रेनने साधारण तासाभरात पोचाल आणि स्टेशनातून बाहेर पडून पूर्वेकडे उतारानं चालत सुटायचं, बास. जुनं गाव आरे नदीच्या वळणात बसलंय (मुंबईकरांना कॉलनी आठवेल, पण नदीचं नाव खरंच आरे आहे), तीन बाजूंनी पाणी, त्यामुळे ११९१ मध्ये वसवल्यापासून गाव वाढलं ते एकाच दिशेला, पश्चिमेला. म्हणजे स्टेशनकडून नदीकडे जाताना तुम्ही नव्याकडून जुन्याकडे जाता, वाटेत दोन जुन्या वेशींचे बुरूज लागतात, आधी केफिगटुर्म, जो पुढे तुरुंग होता, आणि मग घड्याळाचा त्सिटग्लॉग्गे. तिसरी वेस स्टेशनपाशीच होती, ती १८६५ ला पाडली.

रस्ता सरळ एकच, फक्त त्याचं नाव दर थोड्या अंतराने बदलतं, श्पिटालगासे, मार्क्टगासे, क्रामगासे वगैरे, मॅपवर बघून घाबरू नका. दोन्ही बाजूंना दगडी कमानींखाली फूटपाथ आहे, वाड्याच्या ओसरीसारखा, सगळा मिळून सुमारे ६ किलोमीटर, म्हणून पाऊस आला तरी चालणं थांबत नाही. १४०५ च्या आगीत लाकडी घरं जळाली आणि नंतर सगळं हिरवट करड्या वाळूच्या दगडात बांधलं, त्यामुळे अख्खं गाव एका रंगाचं दिसतं.

आता त्सिटग्लॉग्गेचं नीट ऐका, कारण मी स्वतः फसलोय. तासाचे ठोके पडायच्या चारेक मिनिटं आधी घड्याळातल्या यांत्रिक बाहुल्यांचा खेळ सुरू होतो, कोंबडा आरवतो, विदूषक घंटा वाजवतो, छोटी अस्वलं गोल फिरतात. मी आपला स्टेशनकडच्या बाजूला मान वर करून उभा, आणि कोंबडा आरवला पलीकडून! खेळ पूर्वेच्या, म्हणजे क्रामगासेच्या बाजूला असतो. कमानीखालून पलीकडे जा आणि पाच-सात मिनिटं आधीच जागा धरा.

जवळच कोर्नहाउसप्लाट्झला पोरं खाणाऱ्या राक्षसाचं कारंजं आहे, एक पोर तोंडात, बाकीची पिशवीत. सोळाव्या शतकातलं, आणि का केलं यावर अजून एकमत नाही. कारंज्यांचं पाणी पिता येतं, मुद्दाम कुठे 'पिऊ नका' लिहिलं नसेल तर बाटली भरून घ्या, विकतचं पाणी महाग पडतं.

क्रामगासे ४९ मध्ये आइन्स्टाइन राहायचे, पेटंट ऑफिसात नोकरी करत १९०५ च्या त्या गाजलेल्या शोधनिबंधांपैकी काही लिहिले तेव्हा इथेच. पण घर दुसऱ्या मजल्यावर आणि जिना अरुंद, काकांना खाली कमानीत बसवून तुम्ही जाऊन या. म्युन्स्टर चर्चच्या मनोऱ्याला ३०० च्या वर पायऱ्या आहेत, तो सोडाच. चर्चच्या दारावरचा शेवटच्या निवाड्याचा (जगाच्या अंती देव सगळ्यांचा न्याय करतो तो) देखावा मात्र चुकवू नका (मूळ मूर्ती म्युझियममध्ये, इथे नकला), आणि चर्चलगतच्या गच्चीसारख्या पटांगणात झाडाखाली बाकावर बसून डबा खा. रविवारी जात असाल तर डबा हवाच, स्टेशनातली दुकानं सोडली तर बहुतेक बंद असतात.

शेवटी नीडेक पूल ओलांडला की अस्वलांचं पार्क, बघायला तिकीट नाही, पण थंडीत अस्वलं झोपलेली असतात. तिथून रोझेनगार्टनची बाग वर दिसते आणि सगळे म्हणतात चढा, तुम्ही चढू नका. १२ नंबरच्या बसने स्टेशनवर परत या आणि तिथून १० नंबरने थेट बागेपाशी उतरा, नदीचं वळण आणि सगळी कौलं एका नजरेत दिसतात.