अमेरिकेतील स्त्रियांच्या इतिहासाची अस्सल साधने कोठे शोधावीत?

अमेरिकेतील स्त्रियांच्या इतिहासावर प्रबंध लिहायचा असल्यास अस्सल साधने कोठे मिळतील आणि भारतात बसून त्यांपैकी काय पाहता येईल, असे आपण विचारले आहे. हार्वर्ड विद्यापीठातील श्लेसिंगर ग्रंथालय, ज्याचा पाया १९४३ मध्ये मॉड वुड पार्क यांनी दिलेल्या स्त्री-हक्क चळवळीच्या कागदपत्रांनी घातला गेला, आणि स्मिथ कॉलेजमधील सोफिया स्मिथ संग्रह ही दोन ठिकाणे सर्वांत आधी पाहावीत. मताधिकार चळवळीसाठी लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकी संसदेच्या ग्रंथालयाकडे सुसान अँथनी, एलिझाबेथ कॅडी स्टँटन आणि मेरी चर्च टेरेल यांची पत्रे व टिपणे आहेत. ती संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात.

मात्र अशा संग्रहांत लिहित्या-वाचत्या, नावारूपाला आलेल्या स्त्रियाच अधिक भेटतात. सामान्य स्त्रीचा माग काढायचा तर सरकारी दफ्तरच चाळले पाहिजे, आणि त्यात अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारातील, १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात मेलेल्या सैनिकांच्या विधवांच्या पेन्शनच्या फायलींइतके बोलके साधन माझ्या मते दुसरे नाही. पेन्शनसाठी विधवेला आपला विवाह सिद्ध करावा लागे. गुलामगिरीत झालेल्या लग्नाला कायद्याची मान्यताच नसल्यामुळे अनेक कृष्णवर्णीय विधवांकडे दाखला नसे, म्हणून लग्न पाहिलेली माणसे साक्षीला आणावी लागत. लग्न कोणी लावले, मुले कधी झाली, कुटुंब कोणत्या मालकाकडे होते, हे त्या जबान्यांतून कळते. जबानीखाली पुष्कळदा सहीऐवजी फुली असते. अशा वेळी मजकूर कारकुनाच्या हातचा आहे आणि प्रश्नही सरकारने ठरवलेले आहेत, याचे भान सुटू देऊ नये.

शोध घेताना केवळ स्त्रीच्या नावावर विसंबू नये. विवाहित स्त्रीची नोंद बहुधा ‘मिसेस’ आणि पुढे नवऱ्याचे नाव अशी सापडते, तर १८५० पूर्वीच्या जनगणनेत फक्त कुटुंबप्रमुखाचेच नाव असे. त्यामुळे वडील, नवरा, भाऊ यांच्या नावांनीही सूची तपासावी.

मराठी वाचकासाठी एक जवळचा धागाही आहे. आनंदीबाई जोशी ज्या पेनसिल्व्हेनियातील स्त्री-वैद्यकीय महाविद्यालयातून १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या, त्याचे दफ्तर आज फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठाकडे आहे. प्रवेशासाठी त्यांनी १८८३ मध्ये लिहिलेले पत्र त्यात जपलेले आहे. मूळ पत्र वाचण्याचा सराव आपण तेथूनच सुरू करावा, कारण त्यामागची पार्श्वभूमी आपल्याला आधीच ठाऊक असेल.