वॉकर या इंग्रजी आडनावाचा उगम काय? सगळे वॉकर एकाच घराण्यातले असतात का?

तुम्ही विचारलंय की वॉकर म्हणजे 'चालणारा' हे तर दिसतंच आहे, पण असं आडनाव कोणी का लावेल, आणि एका साइटवर लिहिलंय की राजाच्या जंगलात गस्त घालत फिरणारे ते वॉकर, ते खरं का. मी इचलकरंजीत कापडाच्या प्रोसेसिंगमध्ये काम करतो, आणि हे आडनाव मूळचं आमच्याच धंद्यातलं आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

वॉकर म्हणजे कापड तुडवणारा. लोकरीचं कापड.

लोकरीचं कापड मागावरून उतरतं तेव्हा ते अंगावर घालण्याच्या लायकीचं नसतं. वीण सैल असते, मधून उजेड दिसतो, आणि पिंजता-कातताना लोकरीला लावलेलं तेल आणि लोकरीतली मूळची चिकट चरबी असं सगळं त्यात असतं. मग ते कापड मोठ्या काहिलीत किंवा लाकडी डोणीत टाकायचं, त्यात पाणी, एक विशिष्ट माती आणि शिळं मूत्र ओतायचं, आणि माणसांनी आत उतरून उघड्या पायांनी ते तासन् तास तुडवायचं. हो, मूत्रच. ते शिळं झालं की त्यात अमोनिया तयार होतो आणि तो तेलकटपणा तोडतो, त्या काळात साबण महाग आणि मूत्र घरोघरी फुकट, म्हणून ते गोळा करून आणायचे. माती तेल शोषून घ्यायची. आणि तुडवण्याचं कारण म्हणजे लोकरीच्या तंतूला बारीक खवले असतात, ओल, ऊब आणि दाब मिळाला की ते खवले एकमेकांत अडकत जातात, कापड आटतं, दाट होतं, धागे वेगवेगळे दिसेनासे होतात. इंग्लंडच्या थंडी-पावसात जे जाड कापड उपयोगी पडतं ते असं तयार व्हायचं. विणकरापेक्षा या माणसाची मेहनत तसूभरही कमी नव्हती, आणि वासाचं तर विचारूच नका.

ती माती म्हणजे आपल्याकडे चेहऱ्याला लावतात त्या मुलतानी मातीच्याच जातीची. मुलतानी मातीच्या पाकिटावर इंग्रजीत 'फुलर्स अर्थ' लिहिलेलं असतं बघा, तो फुलर म्हणजे हाच कापड तुडवणारा. आणि इथेच या आडनावाची खरी गंमत सुरू होते, कारण इंग्लंडमध्ये या एकाच कामाला भागाभागाप्रमाणे तीन नावं होती आणि तिन्हींची आडनावं झाली. आग्नेयेकडे म्हणजे ससेक्स, केंट, सफोक या बाजूला फुलर. नैऋत्येला डेव्हन, कॉर्नवॉल, सॉमरसेटमध्ये टकर. आणि मधला भाग, यॉर्कशर, लँकेशर ते थेट स्कॉटलंडपर्यंत वॉकर. आपल्याकडे गावाचा हिशेब ठेवणारा देशावर कुलकर्णी झाला आणि तिकडे कानडी किनारपट्टीवर शानभाग झाला, तसंच हे.

१८८१ च्या जनगणनेवरून आडनावांचे जे नकाशे केलेत त्यात ही विभागणी अजून दिसते. म्हणजे आडनावं पक्की होऊन पाचशे वर्षं उलटली, औद्योगिक क्रांतीत लाखो माणसं इकडची तिकडे गेली, तरी टकर बहुतेक डेव्हनच्या आसपासच आणि वॉकर उत्तरेलाच. मला यात फार मोठी गोष्ट वाटते, कारण या लोकांचा इतिहास कोणी लिहून ठेवला नाही, राजे आणि सरदारांचा ठेवला, पण कामगारांच्या बोलीतला फरक आडनावात टिकून राहिला.

आता जंगलाच्या गस्तीचं. राखीव जंगलाचे विभाग पाडलेले असायचे आणि ते सांभाळणाऱ्याला काही ठिकाणी वॉकर म्हणायचेही, हे बरोबर आहे, त्यामुळे एखादं घराणं त्यावरून आलं नसेलच असं मी म्हणणार नाही. पण हे आडनाव इतकं पसरलंय, १८५३ मध्ये इंग्लंड-वेल्समधल्या सगळ्यात जास्त आढळणाऱ्या ५० आडनावांची सरकारी यादी निघाली त्यातही ते आहे, तेवढे जंगलराखे कुठून येणार? शिवाय जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ कापड तुडवणारा असाच सापडतो, त्यातल्या क्रियापदाचा अर्थ लोळवणं, घुसळणं असा होता आणि 'चालणं' हा अर्थ त्याला नंतर चिकटला. जर्मन ही इंग्रजीची बहीणच, तिच्यातही कापड तुडवणाऱ्याला वाल्कर म्हणतात आणि तिथेही त्याचं आडनाव झालेलं आहे. तिकडे कुठे इंग्लंडच्या राजाचं जंगल होतं? त्यामुळे माझ्या मते यात शंकेला फारशी जागा नाही.

काळाचं बोलायचं तर १०६६ ला नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, त्याच्या आधी सामान्य माणसाला वंशपरंपरेनं चालणारं आडनाव नव्हतं. आधी जमीनदार घराण्यांनी लावायला सुरुवात केली, मग हळूहळू शहरातले, मग खेड्यातले. एकेका गावात पाच-पाच जॉन आणि सहा-सहा विल्यम, तर कर वसूल करणाऱ्या कारकुनानं ओळखायचं कसं, म्हणून मग जॉन तो कापड तुडवणारा, जॉन तो भट्टीवाला, जॉन तो टेकडीवरचा असं लिहायचे. १३७७, १३७९ आणि १३८१ मध्ये डोईपट्टी म्हणजे माणशी कर बसवला, त्याच्या ज्या याद्या शिल्लक आहेत त्या आडनावं शोधणाऱ्यांसाठी खजिना आहेत. साधारण १४०० पर्यंत बहुतेक इंग्रज माणसांची आडनावं पक्की झाली, म्हणजे बापाचा धंदा मुलानं सोडला तरी नाव वॉकरच राहायला लागलं.

मात्र आडनाव पक्कं व्हायच्या काळात खुद्द धंदाच बदलत होता, आणि हा भाग बहुतेक साइटवर सुटतो. ११८५ मध्ये टेम्पलर या ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांच्या संघाच्या मालमत्तेची पाहणी झाली त्यात यॉर्कशरमध्ये आणि कॉट्सवोल्ड डोंगरात पाण्यावर चालणाऱ्या तुडवणीच्या गिरण्यांची नोंद आहे. म्हणजे पाणचक्कीच्या फिरत्या लाकडी दांड्यावर खुंट्या बसवायच्या, खुंटी फिरत आली की लाकडी हातोडा उचलायची आणि पुढे गेली की हातोडा धाडकन कापडावर पडायचा. माणसांच्या पायाचं काम पाण्यानं घेतलं. पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांत या गिरण्या भराभर पसरल्या, आणि त्यांना जोराचा ओढा लागतो म्हणून कापडाचा धंदा सपाटीवरच्या जुन्या शहरांतून डोंगराकडे सरकला. सगळीकडे लोक खूश होते असंही नाही. सेंट ऑल्बन्सच्या मठाची सक्ती होती की कापड मठाच्याच गिरणीत तुडवायचं आणि पैसे भरायचे, लोक म्हणाले आम्ही घरीच तुडवू, त्यावरून १२७४ च्या सुमाराला चांगलंच भांडण पेटलं होतं. तर सांगायचा मुद्दा, ज्यांचं आडनाव वॉकर म्हणून कायमचं लिहिलं गेलं त्यातले पुष्कळ जण प्रत्यक्षात पायानं तुडवत नव्हते, हातोड्याची गिरणी सांभाळत होते. काम बदललं, नाव जुनंच राहिलं. उत्तर इंग्लंडमध्ये ओढ्याकाठच्या जागांना अजून वॉकमिल म्हणतात आणि कॉर्नवॉलमध्ये टकिंगमिल नावाचं गावच आहे. वेल्समध्ये अशा गिरणीला पंडी म्हणायचे, टोनिपंडी हे तिथलं खाणकामगारांचं गाव त्यावरूनच, पण वेल्श लोक बापाचं नाव लावत असल्यामुळे तिथे त्याचं आडनाव काही झालं नाही.

तुडवून झालं की कापड ओलं आणि आटलेलं, वेडंवाकडं. ते मैदानात लांबलचक लाकडी चौकटीवर ताणून वाळवायचे, काठ अडकवायला चौकटीला वर-खाली ओळीनं हुक. त्या चौकटीला टेंटर म्हणायचे. आमच्या प्रोसेस हाउसमध्ये जे स्टेंटर मशीन असतं ते याचंच आजचं रूप, नावासकट. दोन बाजूंना फिरणारी चेन, तिच्यावर पिना, कापडाचे दोन्ही काठ पिनांत बसतात, आणि गरम हवेतून जाताना पन्हा हवा तेवढा ताणला जातो. घरातल्या एखाद्या बिन-शिवलेल्या कापडाचा काठ उजेडात धरून बघा, बरेचदा बारीक भोकांची सरळ ओळ दिसेल, ती पिनांची. चौदाव्या शतकातल्या एका इंग्रजी कवितेत कापड पायानं किंवा हातोड्यानं तुडवलं, पाण्यात धुतलं, काटेरी बोंडांनी खरवडलं, चौकटीवर ताणलं आणि मग शिंप्याच्या हातात गेलं, असा सगळा क्रम दिलाय. आजही लोकरीच्या गिरणीत क्रम जवळपास तोच असतो.

तुमचा दुसरा प्रश्न, सगळे वॉकर एका घराण्यातले का. नाही. गावोगावी कापड तुडवणारे होते, त्यामुळे हे आडनाव शेकडो ठिकाणी स्वतंत्रपणे सुरू झालं. लेस्टर विद्यापीठात यावर डीएनएचा अभ्यास झालाय, बापाकडून मुलाकडे जाणारा वाय क्रोमोसोम तपासून. ॲटनबरोसारखं दुर्मिळ आडनाव असलेल्या पुरुषांत तो मोठ्या प्रमाणात सारखा निघाला, म्हणजे मूळ पुरुष एक किंवा मोजकेच, आणि स्मिथमध्ये तसं काही साम्य नाही. वॉकर हे स्मिथच्या जातीचं आडनाव. स्कॉटलंडमध्ये तर आणखी वेगळं, तिथे गेलिक भाषेत 'कापड तुडवणाऱ्याचा मुलगा' अशा अर्थाचं आडनाव होतं, इंग्रजीत लिहिताना त्याचंही वॉकर केलं. तिकडच्या हेब्रिडीज बेटांवर हे काम बायका करायच्या, टेबलाभोवती बसून गाणी म्हणत ओलं कापड आपटायचं, आणि ती गाणी विसाव्या शतकापर्यंत चालू होती.

आपल्याकडे हे नाव सगळ्यांच्या तोंडी आहे ते व्हिस्कीमुळे. किल्मारनॉक गावात जॉन वॉकर यानं १८२० मध्ये किराणा दुकान टाकलं, त्याचीच पुढे ती कंपनी. बाटलीवरचा टोपी घालून चालणारा माणूस १९०८ चा, टॉम ब्राऊन या चित्रकारानं काढलेला, आणि त्या चित्रामुळेच वॉकर म्हणजे चालणारा हे जगभर डोक्यात बसलं असावं. मग गुरुदत्तनी बद्रुद्दीन काझी नावाच्या, मुंबईत बेस्टच्या बसमध्ये कंडक्टर असलेल्या माणसाला तेच नाव दिलं आणि आपल्याला जॉनी वॉकर मिळाले. बाकी यूकेत राहणाऱ्यांना वॉकर्सचे वेफर्स माहीत असतील, आपल्याकडे लेज मिळतात तेच, तो वॉकर लेस्टरचा.

एक मात्र कळकळीनं सांगतो. 'वॉकर घराण्याची मुद्रा' (कोट ऑफ आर्म्स, म्हणजे ढालीवरचं घराण्याचं चिन्ह) छापलेले मग आणि फ्रेम ऑनलाइन विकतात, त्यावर पैसे घालवू नका. इंग्लंडमध्ये अशी मुद्रा एका व्यक्तीला आणि तिच्या वंशजांना मिळते, आडनावाला मिळत नाही, आणि ती देणारी संस्था लंडनमध्ये १४८४ पासून आहे. तुमच्या ओळखीच्या कुणा वॉकरचं मूळ खरंच शोधायचं असेल तर आजोबा-पणजोबा कुठल्या काउंटीतले, म्हणजे तिकडच्या जिल्ह्यातले, ते आधी विचारा, मग १८८१ च्या जनगणनेत ते कुटुंब शोधा, आणि तिथून मागे चर्चच्या नोंदवह्यांत जा. बाप्तिस्मा, लग्न, दफन यांच्या नोंदी ठेवण्याचा हुकूम १५३८ चा आहे, सगळ्याच चर्चच्या वह्या तितक्या जुन्या टिकलेल्या नाहीत, पण पुष्कळ आहेत. काउंटी कळली तर इथे कॉमेंटमध्ये लिहा, तिथे कापडाचा धंदा कसा होता ते सांगतो.