बारा बोरच्या दुनळी बंदुकीला कोणतं तेल लावावं?

तुम्ही विचारलंय की वडिलांच्या पीक संरक्षण परवान्यावरच्या दुनळीला घरचं जवसाचं तेल चालेल का, की बाजारातला डब्ल्यूडी-४० हा फवारा मारावा.

जवस लोखंडाला लावूच नका. आमच्या घरीही वर्षानुवर्षं तेच लावायचे. शेतातलाच जवस, घाणीवरून काढून आणलेलं तेल. पण हे तेल हवेत वाळतं. दस्त्याच्या, म्हणजे खांद्याला टेकवतो त्या भागाच्या लाकडाला ते उत्तम, कारण वाळून लाकूड धरून ठेवतं. लोखंडावर त्याची चिकट साय बनते. एका डिसेंबरात हरभऱ्यात जागलीला होतो. रानडुकरांचा कळप धुऱ्यावरून आत शिरला, चाप ओढला, घोडा पडला आणि नुसतं ‘ठक्’. नळी मोकळ्या रानाकडे धरून मिनिटभर तसाच थांबलो, मग काडतूस काढलं. काडतुसाच्या बुडाशी जी पेटणारी टोपी असते, तिच्यावर आदळणाऱ्या पिनचा जेमतेम ओरखडा होता. परवाना असलेल्या कारागिराने पिन काढली, तर तिच्यावर डिंकासारखा पिवळा थर. नखाने खरवडला तसा सोलून निघाला. अशी पिन पुढेच अडकून राहिली तर बंदूक मिटतानाच बार उडू शकतो, म्हणून ही गोष्ट हलक्यात घेऊ नका.

सरकीचं, शेंगदाण्याचं तेलही हळूहळू चिकटतंच, आणि खोबरेल आपल्याकडच्या थंडीत गोठतं.

डब्ल्यूडी-४० मुळात पाणी हटवण्यासाठी बनवलेलं. पावसात भिजून आलात तर जरूर मारा, पण नंतर सगळं पुसून खरं तेल लावा. त्याचा बराचसा भाग उडून जातो आणि मागे उरलेला पातळ थर पावसाळाभर पुरत नाही.

मग लावायचं काय? गन ऑइल मिळालं तर तेच, नाहीतर शिलाई मशीनचं चांगलं, न वाळणारं तेल. बंदूक उघडते त्या बिजागरीच्या खिळ्याला मात्र किंचित ग्रीस, कारण तिथे लोखंडावर लोखंड जोराने घासतं.

आणि प्रमाण! माझ्या पाहण्यात कमी तेलापेक्षा जास्त तेलानेच जास्त बंदुका बिघडल्या. पिनच्या भोकाला एक थेंब बस. जास्तीचं तेल धूळ आणि जळकी दारू धरून चिखल करतं, शिवाय झिरपत दस्त्यात उतरतं आणि लाकूड मऊ पडतं. म्हणून तेल दिल्यावर एक रात्र बंदूक नळीचं तोंड खाली करून ठेवा, खाली चिंधी टाका. तेलाचा हात काडतुसांना लावू नका, टोपीत तेल गेलं तर काडतूस वाया.

हे सगळं करायच्या आधी बंदूक उघडून दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत हे डोळ्यांनी बघा, बोटानेही चाचपा. बार काढल्यावर नळी त्याच दिवशी गजाने साफ करा. जुनी ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची बंदूक असेल तर तेलाआधी गरम पाण्याने धुवा, कारण काळ्या दारूची राख हवेतली ओल ओढते आणि तेलाखालीही गंज चढवते. धुतल्यावर अगदी कोरडी करा.

जून ते सप्टेंबर कातडी कव्हरात ठेवू नका, त्यात ओल कोंडते. कुलूपबंद कपाटात उघडीच ठेवा आणि हाताळून झाल्यावर घामाचे ठसे तेलकट चिंधीने पुसा. निवडणुकीच्या काळात ठाण्यात जमा करायची वेळ आली तर नळीला आतून-बाहेरून जरा जाड हात द्या. परत मिळाल्यावर काडतूस भरण्याआधी नळीतलं ते तेल कोरड्या फडक्याने पूर्ण काढा.