१२ ए.एम. म्हणजे दुपार की मध्यरात्र, आणि नेमकी कोणत्या तारखेची?

अर्जाची अंतिम मुदत ‘१५ तारीख, १२ ए.एम.’ अशी छापलेली आहे, तर १५ तारखेच्या रात्रीपर्यंत अर्ज भरता येईल का, असे आपण विचारले आहे. याच आकड्याने मलाही एकदा फार छळले होते, म्हणून सविस्तर लिहीत आहे. आज रूढ असलेल्या संकेतानुसार १२ ए.एम. म्हणजे त्या तारखेचा आरंभ, अर्थात १४ तारखेची रात्र संपते तो क्षण. १५ तारखेचा दिवस हाती नाही असे समजूनच चालावे.

या संक्षेपांतील ‘एम.’ म्हणजे लॅटिनमधील मध्यान्ह, ए.एम. म्हणजे त्यापूर्वी आणि पी.एम. म्हणजे त्यानंतर. मात्र मध्यान्हाचा क्षण स्वतःच्या आधीही नसतो आणि नंतरही नसतो, तर मध्यरात्र एका मध्यान्हानंतर बारा तासांनी आणि पुढच्या मध्यान्हाच्या बारा तास आधी येते, त्यामुळे तर्काने पाहता तिला दोन्ही खुणा सारख्याच लागू पडतात. दुपारचे १२:०१ निःसंशय पी.एम. असल्याने तो पूर्ण तास त्याच खुणेखाली घालणे घड्याळांना सोयीचे ठरले, एवढाच आजच्या संकेताचा आधार. अमेरिकी सरकारी मुद्रणालयाच्या लेखननियमांत तर २००० च्या आवृत्तीत दुपारच्या बाराला ए.एम. म्हटलेले होते, २००८ मध्ये ते उलट केले गेले. मध्यान्हासाठीचा इंग्रजी ‘नून’ हा शब्दही मुळात बाराचा नव्हे. सूर्योदयापासून मोजलेला नववा तास, लॅटिनमधील ‘नोना होरा’, म्हणजे साधारण दुपारचे ३, हा त्याचा पहिला अर्थ होता आणि चौदाव्या शतकापर्यंत तो मध्यान्हावर येऊन स्थिरावला.

माझ्या बाबतीत सर्वांत महाग पडले ते संबंधित कार्यालयाचे वागणे. मुदतीच्या बऱ्याच आधी दूरध्वनी करून मी हाच प्रश्न विचारला होता आणि ‘त्या तारखेची रात्र’ असे ठाम उत्तर मिळाले होते. प्रत्यक्षात ती तारीख उजाडण्यापूर्वीच अर्ज बंद झाला. तक्रार केल्यावर, तोंडी माहितीची जबाबदारी आमची नाही आणि छापलेली वेळ स्पष्ट आहे, असे एका ओळीचे उत्तर आले. ज्या वेळेचा अर्थ त्यांच्याच कर्मचाऱ्याला ठाऊक नव्हता, तिला स्पष्ट म्हणण्याचा अधिकार त्यांना कसा पोहोचतो, हे मला आजही पटलेले नाही. त्या अर्जावर माझे एक संपूर्ण शैक्षणिक वर्ष अवलंबून होते.

म्हणून माझे मत थोडे कठोर आहे: सार्वजनिक सूचनेत १२ या आकड्यापुढे ए.एम. किंवा पी.एम. लिहूच नये. ‘दुपारी १२’ किंवा ‘रात्री ११:५९’ लिहिल्यास शंका उरत नाही. नुसते ‘१५ तारखेची मध्यरात्र’ हेही पुरेसे नाही, कारण तिच्यातून दिवसाची सुरुवातही निघते आणि शेवटही. चोवीस तासांच्या पद्धतीत ००:०० म्हणजे दिवसाचा आरंभ.

मी कायद्याचा जाणकार नाही. आपल्या संस्थेचे नियम वेगळे असू शकतात, त्यामुळे खुलासा ईमेलने मागवा आणि उत्तर जपून ठेवा. अर्ज परदेशी संस्थेकडे जाणार असेल, तर ती वेळ कोणत्या देशाच्या घड्याळाची आहे, हेही त्याच पत्रात विचारून घ्या.