हेमकुंडच्या वाटेवरचं निळं फूल

प्रश्न : ऑगस्टमध्ये उत्तराखंडात घांगरियाहून हेमकुंडला चढताना खडकांच्या कपारीत आकाशी फुलं दिसली. चार पाकळ्या, मधोमध पिवळा पुंजका. मोबाइलच्या ॲपने एका फोटोला जिरेनियम म्हटलं, दुसऱ्याला निळी पॉपी. खरं काय? बी मिळालं तर नाशिकला गच्चीत लावता येईल का?
– एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : निळी पॉपीच, म्हणजे खसखशीच्या कुळातलं फूल, शास्त्रीय नाव मेकोनॉप्सिस ॲक्युलिएटा. पहिला फोटो नुसत्या फुलाचा, वरून घेतलेला, म्हणून ॲप फसलं. रंगावर जाऊ नका. ही फुलं फिकट निळ्यापासून जांभळटपर्यंत असतात, त्यात कॅमेरा निळ्याचा जांभळा करतो तो वेगळाच. पाकळ्यांचा आकडाही पक्का नाही, चाराच्या पाच-सहा होतात. दुसऱ्या फोटोत देठ आलाय आणि निकाल तिथेच लागतो : देठ, पानं, कळ्या, सगळ्यांवर वाळक्या गवताच्या रंगाचे ताठ काटेरी केस. जिरेनियमला असे काटे नसतात आणि त्याचं फळ चोचीसारखं लांबट. पॉपीचं काटेरी बोंड.

आपल्याकडे रस्त्याकडेला माजणारा पिवळा धोत्रा याच कुळातला. काटे, पिवळा चीक, टोकाशी उकलणारं बोंड, सगळं जुळतं. (चीक पाहायचा तर या पिवळ्या धोत्र्याचा पाहा. हेमकुंडशेजारच्या फुलों की घाटी राष्ट्रीय उद्यानात पानही तोडायचं नाही.)

ही पॉपी पश्चिम हिमालयात साधारण ३,००० मीटरच्या वर, जुलै-ऑगस्टमध्ये फुलते. खडकांच्या फटी, दगडगोट्यांचे उतार, ओघळांचे काठ, म्हणजे ओल कायम पण पाणी साचत नाही अशा जागा. कुरणाच्या सपाटीवर शोधत बसू नका.

गच्चीचा विचार सोडा. नाशिक जेमतेम ६०० मीटरवर, उन्हाळ्यात पारा चाळिशीला टेकतो. या झाडाला हिवाळाभर बर्फाखाली झोप लागते; इथे उन्हाळ्यात ते करपेल, त्यातून वाचलं तर कुंडीतल्या उबदार ओलीत मूळ कुजेल. शिवाय ते काही वर्षं नुसत्या पानांच्या झुबक्यात काढतं, एकदाच फुलतं, बी धरतं आणि मरतं. तिथलं बोंड खुडलं तर त्या झाडाचं पुढचं बीच गेलं.

पुढच्या वेळी एका झाडाचे चार फोटो घ्या : फूल समोरून, फूल बाजूने देठासकट, बुंध्याजवळची पानं आणि भोवतालच्या जमिनीसह अख्खं झाड. उंचीची नोंद ठेवा. बोंड दिसलं तर त्याचा पाचवा.