कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेजमधून (दोन वर्षांचं कॉलेज) सोशॉलॉजी करून यूसीत, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात, ट्रान्सफर घ्यायचीय, विषय कसे निवडू?

आधी असिस्ट डॉट ऑर्ग उघडा. तिथे तुमचं कॉलेज, यूसीचा कॅम्पस आणि मेजर (पदवीचा मुख्य विषय) टाकलं की डावीकडे यूसीचा विषय आणि उजवीकडे तुमच्या कॉलेजातला त्याच्या तोडीचा विषय दिसतो. उजवीकडे 'नो कोर्स आर्टिक्युलेटेड' (म्हणजे तोडीचा विषय नाही) असेल, तर काउन्सेलरला गाठा.

यूसीला असोसिएट डिग्री (कम्युनिटी कॉलेजची दोन वर्षांची पदवी) लागतच नाही, ट्रान्सफर होणारी ६० सेमिस्टर युनिट्स (क्रेडिट्स) लागतात. उगाच डिग्रीच्या मागे लागून भलते विषय घेऊ नका. स्टॅटिस्टिक्स मात्र पहिल्याच वर्षी उरका. पुढेमागे इकॉनॉमिक्सकडे वळायचा विचार असेल तर कॅल्क्युलसही.

टॅग, म्हणजे हमीचा प्रवेश, डेव्हिस, अर्व्हाइनसह ६ कॅम्पसांवर मिळतो. अर्ज सप्टेंबरात, तोही एकाच कॅम्पसला. बर्कली, लॉस एंजेलिस, सॅन डिएगोला ही सोय नाही.