ओळखीच्या वस्तू, परकी नजर

प्रश्न: रोजच्या वस्तूंकडे माझे लक्षच जात नाही. त्या दुसऱ्याच्या नजरेने कशा पाहाव्यात?

उत्तर: नजर एका बिंदूवर खिळवली की कडेच्या स्थिर गोष्टी हळूहळू दिसेनाशा होतात, हे ट्रॉक्सलर या स्विस वैद्याने १८०४ मध्ये नोंदवले, सवयीच्या वस्तूंचेही मनात असेच काहीसे होते. म्हणून ‘दुसरा कोणीतरी’ अशी मोघम कल्पना न करता एक निश्चित व्यक्ती निवडावी, आणि शक्य असेल तर तिलाच विचारावे, कारण आपली कल्पना फार लवकर थकते. डावखुऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून नेहमीची कात्री डाव्या हातात धरली, तर कापण्याची रेघ पात्याआड जाते आणि बोटांच्या दाबाने पाती एकमेकांपासून फाकतात, हे लगेच जाणवते. चाकाच्या खुर्चीवरून पाहिल्यास उंबरठा अडसर ठरतो.